गाडी उभी, तरी पेट्रोल कमी : जुन्या मोटारसायकलची गळती कशी शोधावी?

"सोमवारी तीनशेचे पेट्रोल टाकले आणि गुरुवारी गाडी रिझर्व्हला लागली. एवढी फिरली तरी कुठे?" जुनी मोटारसायकल वापरणाऱ्या जवळपास प्रत्येकाने हा प्रश्न कधी ना कधी विचारलेला असतो. उत्तरेही लगेच मिळतात. कोणी म्हणते इंजिन उतरले, कोणी म्हणते पंपावर मापात मारले, कोणी थेट कार्बोरेटर बदलायला सांगते. यातले कोणतेही उत्तर खरे असू शकते. पण तपासणीआधी मिळालेल्या उत्तरावर पैसे खर्च केले की नवा कार्बोरेटर बसतो आणि पेट्रोल जायचे ते जातच राहते.

या प्रकरणात आपण कार्बोरेटरच्या गाड्यांचा विचार करू. जुनी स्प्लेंडर, बुलेट, यामाहा आरएक्स १००, येझदी अशा गाड्या आजही शेतावर, दूध घालायला आणि कामावर जायला रोज धावतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाल्यावर बहुतेक नव्या गाड्यांमध्ये फ्युएल इंजेक्शन आले. त्यांची तपासणी वेगळी असते.

पेट्रोल नाहीसे होण्याच्या वाटा मोजक्याच आहेत. ते बाहेर गळते, इंजिनात नको तिथे उतरते, गरजेपेक्षा जास्त जळते, कोणीतरी काढून घेते, किंवा आपल्या मोजण्यातच चूक असते. पाच संशयितांपैकी चार वगळले की पाचवा आपोआप सापडतो. वगळण्याचा क्रम मात्र योग्य हवा.

१. आधी मोजणी नीट करा

गेज, रिझर्व्ह आणि "टाकलेले रुपये" ही तिन्ही मापे कच्ची आहेत. जुन्या गाडीचे गेज अडकते. साईड स्टँडवर गाडी कलली की काटा वेगळेच दाखवतो. रिझर्व्हचेही तसेच. टाकी मधल्या चॅसीच्या नळीवर खोगिरासारखी बसलेली असते, म्हणजे तळाशी तिचे डावा आणि उजवा असे दोन कप्पे होतात. पेट्रोल कमी झाले की एका कप्प्यातले दुसऱ्यात जात नाही. कॉक एकाच बाजूला असल्याने पलीकडच्या कप्प्यात पेट्रोल शिल्लक असूनही गाडी बंद पडते. अशा वेळी गाडी कॉकच्या बाजूला नीट कलती केली की अडकलेले पेट्रोल इकडे येते. "पेट्रोल गेले" अशा काही तक्रारी इथेच संपतात.

खरी मोजणी टाकी ते टाकी करायची. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर लावा. झाकणाखाली टाकीत उतरणारी जी गळ्याची पट्टी असते, तिच्या खालच्या कडेपर्यंत पेट्रोल भरा. त्याहून वर भरू नका. किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा. गाडी नेहमीसारखी वापरा आणि पुन्हा त्याच पंपावर, त्याच पद्धतीने, त्याच रेषेपर्यंत भरा. दुसऱ्यांदा जितके लिटर बसले तितकेच मधल्या काळात गेले. समजा आकडा २४,३१० वरून २४,५३८ झाला आणि ४.९ लिटर पेट्रोल बसले. २२८ भागिले ४.९ म्हणजे साधारण साडेशेहेचाळीस. हे या टाकीचे ॲव्हरेज.

किलोमीटरचा काटाही तपासा. जुन्या गाडीची स्पीडोमीटर केबल मधूनच अडकते. मग गाडी पन्नास किलोमीटर चालते आणि काटा चाळीसच दाखवतो. महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांशी दहा किलोमीटरचे अंतर पडताळून पाहिले की हा संशय मिटतो. पंपाबद्दल शंका असेल तर तिथे पाच लिटरच्या प्रमाणित मापाने पेट्रोल मोजून दाखवण्याची मागणी करता येते. तो ग्राहकाचा हक्क आहे आणि तो शांतपणे वापरावा.

२. पेट्रोल तासांनी जाते की किलोमीटरांनी?

या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच. गळणारे पेट्रोल घड्याळाप्रमाणे जाते, गाडी चालो वा उभी राहो. जास्त जळणारे पेट्रोल चाकाप्रमाणे जाते, गाडी उभी राहिली की तेही थांबते. या दोन तक्रारींची कारणे वेगळी आणि दुरुस्त्याही वेगळ्या. गंमत म्हणजे पाना हातात न घेता, नुसत्या वहीत त्या वेगळ्या करता येतात.

दोन आठवडे नोंद ठेवा. एका आठवड्यात गाडी भरपूर चालवा, दुसऱ्यात कमी. समजा नोंद अशी आली:

पहिला आठवडा : ३०० किलोमीटर, ७ लिटर.
दुसरा आठवडा : १०० किलोमीटर, ३ लिटर.

नुसते ॲव्हरेज काढले तर पहिल्या आठवड्यात ४३ आणि दुसऱ्यात ३३ येते. गाडी लहरी झाली असे वाटते. आता फरक पाहा. पहिल्या आठवड्यात २०० किलोमीटर जास्त चालले आणि त्यासाठी ४ लिटर जास्त लागले, म्हणजे चालताना गाडी ५० चे ॲव्हरेज देते आहे. त्या हिशेबाने ३०० किलोमीटरला ६ लिटर पुरायला हवे होते, लागले ७. शंभराला २ पुरायला हवे होते, लागले ३. दोन्ही आठवड्यांत बरोबर एकेक लिटर जास्त. किलोमीटर तिप्पट झाले तरी हा जादा लिटर बदलला नाही, कारण तो तासांनी जातो आहे. इंजिन निर्दोष आहे आणि कुठेतरी गळती आहे.

दुसऱ्या गाडीची नोंद अशी येऊ शकते : ३०० किलोमीटरला साडेसात लिटर, १०० किलोमीटरला अडीच. दोन्ही आठवड्यांत नेमके ४०. इथे उभ्या गाडीतून काहीच जात नाही, जे जाते ते चालताना. ही गाडी पूर्वी ५० देत असेल तर शोध जळणाऱ्या पेट्रोलाचा घ्यायचा, गळणाऱ्याचा नाही.

प्रत्यक्षात आकडे इतके स्वच्छ येत नाहीत. वाहतूक, चढ, पाठीमागचे ओझे यांमुळे थोडे मागेपुढे होते. म्हणून तीन-चार आठवड्यांची नोंद घेतलेली बरी. चित्र तरीही स्पष्ट होते.

नोंदीत एखाद्याच दिवशी दोन लिटरचे खिंडार दिसले आणि बाकीचे दिवस ठीक असले, तर चोरीचा विचार करा. गळती रोज थोडी थोडी होते, चोरी एका रात्रीत. कॉकखालच्या पाईपची क्लिप सरकलेली किंवा पाईप अर्धवट बसवलेला दिसतो. झाकणाचे कुलूप इथे कामाचे नाही, कारण पेट्रोल पाईपमधूनच काढले जाते. कॉकला लावायचे लॉक बाजारात मिळते, ते बसवावे.

३. हात लावण्याआधी

यापुढे आपण पेट्रोलच्या जवळ जाणार आहोत, म्हणून ही गोष्ट आधी. पेट्रोलची वाफ उणे चाळीस अंशांच्या आसपासच्या थंडीतही पेट घेण्याइतकी तयार होते, मग आपल्याकडच्या हवेची गोष्टच सोडा. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते आणि सखल कोपऱ्यात साचते. जिन्याखाली लावलेल्या गाडीतून गळलेल्या पेट्रोलची वाफ शेजारच्या खोलीतल्या शेगडीपर्यंत किंवा देवघरातल्या निरांजनापर्यंत पोहोचू शकते.

म्हणून सर्व तपासणी उघड्यावर, दिवसाच्या उजेडात आणि थंड इंजिनावर करा. जवळ विडी-सिगारेट, दिवा, वेल्डिंग नको. पेट्रोल पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून घरात ठेवू नका. मुले तहानेपोटी तोंडाला लावतात, असे अपघात झालेले आहेत. आणि ज्या गाडीखाली पेट्रोलचा ओला डाग दिसतो, ती गाडी त्या रात्री घरात, ओसरीवर किंवा जिन्याखाली लावायची नाही.

४. पेट्रोलचा रस्ता

टाकीपासून इंजिनापर्यंतचा रस्ता एकदा डोळ्यांसमोर आणू. वर टाकी, तिच्यावर झाकण. टाकीच्या तळाशी कॉक, त्याच्या तीन जागा: चालू, बंद आणि रिझर्व्ह. कॉकमधून निघणारा रबरी पाईप, काही गाड्यांत मध्ये छोटा फिल्टर. मग कार्बोरेटर. त्याच्या तळाची वाटी, जिला मेस्त्री बाऊल म्हणतात, ती पेट्रोलने ठरावीक पातळीपर्यंत भरलेली असते. वाटीतले पेट्रोल जेटच्या बारीक छिद्रांतून वर खेचले जाते, हवेत मिसळते आणि इंजिनात जाते.

जुन्या गाडीत पंप नसतो. पेट्रोल टाकीतून खाली येते ते स्वतःच्या वजनाने. म्हणून इंजिन बंद केले तरी पेट्रोल वाहायला तयारच असते. त्याला अडवणारे दरवाजे दोन : कॉक आणि वाटीतला फ्लोट. बहुतेक लोक रात्री कॉक बंद करत नाहीत. म्हणजे गाडी उभी असताना सगळा भार एकट्या फ्लोटवर पडतो.

५. दोन रात्रींची चाचणी

तासांनी गळती होते हे वहीने सांगितले असेल, तर आता रस्त्याचे दोन भाग करू : कॉकच्या वरचा आणि कॉकच्या खालचा.

पहिल्या रात्री गाडी डबल स्टँडवर लावून कॉक बंद करा आणि खाली स्वच्छ पुठ्ठा पसरा. दुसऱ्या रात्री त्याच जागी, तसाच पुठ्ठा, पण कॉक चालू. सकाळी टाकीच्या रेषेपर्यंत पुन्हा भरायला किती पेट्रोल लागले ते मोजपात्राने मोजा. टाकीत काडी बुडवून खूण करण्याची पद्धत इथे अपुरी पडते. टाकी इतकी पसरट असते की शंभर मिलिलिटर पेट्रोल कमी झाले तरी पातळी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर उतरते.

कॉक बंद असतानाही पेट्रोल कमी झाले, तर दोष टाकी, झाकण किंवा खुद्द कॉकमध्ये आहे. कॉक चालू असतानाच कमी झाले, तर पाईप किंवा कार्बोरेटर. एका निकालाने अर्धी गाडी संशयातून मोकळी होते.

पुठ्ठ्यावर डाग नाही म्हणून गळती नाही, असे समजू नका. पेट्रोल झटकन उडते. मागे राहतो तो तपकिरी, चिकट थर. कॉकच्या टोकाला, वाटीच्या जोडावर किंवा टाकीच्या शिवणीवर असा थर दिसला तर तिथून पेट्रोल बरेच दिवस पाझरते आहे. नक्की जागा शोधायला तो भाग फडक्याने कोरडा करा आणि त्यावर खडूची पूड भुरभुरा. जिथे पूड ओली होऊन गडद दिसते तिथेच सुरुवात आहे. पेट्रोल वाहत खाली येते, म्हणून ओल्या भागातली सर्वांत वरची जागा पाहायची.

६. टाकी, झाकण, कॉक

टाकी बहुधा खालून गंजते, जिथे पावसाचे आणि धुण्याचे पाणी साचून राहते. कोकणातल्या खाऱ्या हवेत हे लवकर होते. रंग फुगलेला दिसतो, त्याखाली टाचणीच्या टोकाएवढे छिद्र असते. वरून लावलेली लांबी किंवा चिकट पुट्टी थोडे दिवस धरते, पुढे पेट्रोलने सुटते. टाकीला वेल्डिंग करायचे असेल तर ते हे काम नेहमी करणाऱ्या कारागिराकडेच करावे. रिकामी दिसणारी टाकी वाफेने भरलेली असते आणि ठिणगी पडताच तिचा स्फोट होतो. भरलेल्या टाकीपेक्षा अशी टाकी जास्त धोकादायक असते. टाकी फार गंजली असेल तर बदलणे शहाणपणाचे.

झाकणाचे रबर कडक होऊन चिरले की भरलेल्या टाकीतून पेट्रोल हिंदकळून बाहेर येते, टाकीवर ओघळ दिसतात. पावसाळ्यात त्याच फटीतून पाणी आत जाते. दुसरे कारण आपण स्वतःच तयार करतो : काठोकाठ भरणे. पेट्रोल तापले की फुगते, दर अंशाला साधारण हजारात एक भाग. सकाळच्या गारव्यात दहा लिटर भरले आणि दुपारी उन्हात ते वीस अंशांनी तापले, तर त्याचे आकारमान सुमारे २०० मिलिलिटरने वाढते. टाकीत जागा नसेल तर तेवढे झाकणातून बाहेर पडणारच. विदर्भातल्या मे महिन्यात हे रोज घडू शकते. म्हणून गळ्याच्या पट्टीच्या खालच्या कडेवरची जागा मोकळी सोडायची.

कॉक तपासायला त्याच्याकडचा पाईप कार्बोरेटरपासून काढा आणि त्याचे टोक काचेच्या बाटलीत सोडा. कॉक बंद ठेवून अर्धा तास थांबा. बाटलीत काही जमले तर कॉकमधला रबरी वायसर झिजला आहे. पाईपही वाकवून पाहा. बारीक चिरा दिसल्या तर लगेच बदला, ती फार स्वस्त वस्तू आहे. काही गाड्यांत इंजिनाच्या ओढीने उघडणारा आपोआप कॉक असतो. त्यातला पातळ पडदा फाटला तर पेट्रोल दुसऱ्या बारीक पाईपने सरळ इंजिनात जाते आणि बाहेर एक थेंबही दिसत नाही. तो बारीक पाईप काढून पाहावा. आतून ओला असेल तर पडदा फाटला आहे.

७. कार्बोरेटर "ओव्हरफ्लो" का होतो?

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत तरंगता गोळा असतो. पाणी वर आले की गोळा वर येतो आणि नळाचे तोंड दाबून बंद करतो. कार्बोरेटरच्या वाटीत हेच यंत्र लहान आकारात आहे. तरंगणारा फ्लोट, आणि त्याने वर ढकलली जाणारी टोकदार फ्लोट-नीडल. नीडल आपल्या बैठकीत बसली की पेट्रोल थांबते. ती नीट बसली नाही, तर वाटी भरून वाहते आणि जादा पेट्रोल ओव्हरफ्लोच्या बारीक नळीतून खाली टपकते.

नीडल न बसण्याची कारणे तीन. एक, टाकीतल्या गंजाचा कण मध्ये अडकतो. वाटीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक केल्यावर गळती थांबली, तर हेच कारण. अशा वेळी वाटी आणि टाकी दोन्ही साफ करायला हवीत, नाहीतर उद्या दुसरा कण येईल. दोन, नीडलच्या टोकावर झिजून गोल कडे पडते. भिंगातून ते स्पष्ट दिसते. असे कडे दिसले की नीडल बदलायची, घासून चालत नाही. तीन, फ्लोटला चीर जाऊन आत पेट्रोल शिरते आणि तो जड होऊन बुडतो. काढून कानाशी हलवला तर आत खळखळ ऐकू येते.

गाडी साईड स्टँडवर असतानाच ओव्हरफ्लो होत असेल आणि डबल स्टँडवर थांबत असेल, तर वाटीतली पेट्रोलची पातळी जरा जास्त आहे. ती तपासायची युक्ती सोपी आहे. वाटीच्या निचऱ्याच्या नळीला पारदर्शक पाईप लावा, त्याचे टोक कार्बोरेटरच्या बाजूने वर धरा आणि निचऱ्याचा स्क्रू सैल करा. पाईपमध्ये जिथे पेट्रोल थांबते तीच वाटीतली पातळी. ती वाटी आणि कार्बोरेटर यांच्या जोडरेषेच्या वर चढत राहिली, तर नीडल थांबवत नाही हे नक्की.

एक इशारा. जुन्या जावा-येझदीच्या कार्बोरेटरवर छोटे बटण असते. थंड गाडी सुरू करताना ते दाबून मुद्दाम पेट्रोल ओसंडू देतात. ते चार थेंब गळती नव्हे. बटण सोडल्यावरही थेंब पडत राहिले तर मात्र तपासा.

आता गळती किती, ते मोजू. ओव्हरफ्लोच्या नळीखाली बाटली धरली आणि अर्ध्या तासात ३ मिलिलिटर जमले असे समजा. चमचाभरही नाही. पण तासाला ६, दिवसाला १४४, आठवड्याला हजार मिलिलिटर, म्हणजे एक लिटर. दुसऱ्या विभागात वहीने जो जादा लिटर दाखवला होता, तो हाच. वहीतला तोटा आणि बाटलीतला तोटा जुळला की शोध पुरा झाला असे समजावे. जुळला नाही तर दुसरी वाटही आहे, शोध चालू ठेवावा.

"थेंबभर तर गळते" हे वाक्यही एकदा मोजून पाहा. पेट्रोलचा थेंब पाण्याच्या थेंबाहून लहान, साधारण पन्नास थेंबांचे एक मिलिलिटर. मिनिटाला एक थेंब म्हणजे दिवसाला १,४४० थेंब, सुमारे २९ मिलिलिटर. महिन्याला पाऊण लिटरच्या पुढे.

८. न दिसणारी गळती : ऑईलमध्ये पेट्रोल

ही सर्वांत घातक. ओव्हरफ्लोची नळी चिखलाने बुजली असेल किंवा कार्बोरेटर पुढे कलता असेल, तर जादा पेट्रोल बाहेर न पडता इंजिनात उतरते. फोर स्ट्रोक गाडीत ते सिलिंडरमध्ये जाते, रिंगांच्या फटीतून झिरपते आणि खालच्या ऑईलमध्ये मिसळते. स्प्लेंडरसारख्या गाडीत ऑईल असते जेमतेम लिटरभर. त्यात शंभर मिलिलिटर पेट्रोल मिसळले तर ऑईल पातळ होते आणि क्रँकच्या बेअरिंगला, पिस्टनला, कॅमला पुरेसे वंगण मिळत नाही. पेट्रोलचे नुकसान काही शेकड्यांत असते, इंजिन उघडायची वेळ आली तर ते हजारांत जाते.

ओळखण्याची खूण सोपी. ऑईलची काडी काढून पाहा. न भरता ऑईलची पातळी वाढलेली दिसली, ऑईलला पेट्रोलचा वास आला आणि बोटावर ते पाण्यासारखे पातळ लागले, तर गाडी सुरू करू नका. आधी नीडल दुरुस्त करा, मग ऑईल पूर्ण बदला आणि मगच किक मारा. क्रम उलटा केला तर नवे ऑईलही त्याच रात्री बिघडेल. किक मारताना मध्येच घट्ट अडकली तरी जोर लावू नका. सिलिंडरमध्ये पेट्रोल साचले असेल. प्लग काढून, त्याच्या वायरचे टोक दूर ठेवून, इंजिन हळूच फिरवले की ते बाहेर येते.

आरएक्स १०० सारख्या टू स्ट्रोक गाडीत पेट्रोल क्रँककेसमध्ये साचते. सकाळी गाडी बऱ्याच किका घेते, प्लग ओला निघतो आणि सुरू झाल्यावर बराच वेळ दाट धूर निघतो. या तीन खुणा एकत्र आल्या तर रात्री पेट्रोल आत उतरले असे समजावे.

९. चालताना जास्त जळणारे पेट्रोल

वहीने किलोमीटरांचा दोष दाखवला असेल तर स्पार्क प्लगपासून सुरुवात करा. दहा-पंधरा किलोमीटर चालवून आल्यावर, इंजिन निवल्यावर प्लग काढा. टोक फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी. काळा आणि तेलकट ओला असेल तर ऑईल जळते आहे, तो वेगळा आजार.

काजळी असेल तर क्रमाने पाहा. एअर फिल्टर धुळीने बुजला आहे का? चोक पूर्ण मागे जातो का, की अर्धवट अडकतो? मग जेट. जेट साफ करताना त्यात तार घालण्याची सवय फार महागात पडते. जेट पितळेचे, मऊ. मुख्य जेटचे छिद्र एक मिलिमीटरचे आहे असे धरू. तारेने घासून ते १.०५ झाले तर डोळ्याला फरक दिसणार नाही. पण छिद्राचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते आणि १.०५ गुणिले १.०५ म्हणजे १.१० होतात. मिलिमीटरच्या विसाव्या भागाने छिद्राची वाट दहा टक्के रुंद झाली. जेट पेट्रोलने धुवावे, हवेच्या झोताने साफ करावे, तार घालू नये. वर्षानुवर्षे वर-खाली होणाऱ्या जेट-नीडलने तिच्या नळीचे छिद्रही लांबट होते. जुन्या गाडीत ही जोडी एकत्र बदलावी.

प्लग चांगला असूनही ॲव्हरेज कमी असेल तर पेट्रोल चाकाशी झगडण्यात जाते आहे. डबल स्टँडवर चाक हाताने फिरवा. लगेच थांबले तर ब्रेकचे लायनर घासते आहे. टायरमधली हवा, चेनचा ताण आणि घसरणारी क्लचप्लेट एवढे तपासले की बहुधा उत्तर मिळते.

शेवटी इथेनॉल. देशात २०२२ मध्ये पेट्रोलमधले इथेनॉल १० टक्क्यांवर गेले आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या धाटणीच्या दुचाकींचे ॲव्हरेज तीन ते चार टक्क्यांनी घटेल असे म्हटले होते. म्हणून पूर्वी ५० देणारी गाडी ४८ देऊ लागली तर गळती शोधत बसू नका. ती ३५ देऊ लागली तर इथेनॉलवर खापर फोडू नका. इथेनॉलचा दुसरा परिणाम मात्र जुन्या गाडीवर होतो. ते पाणी ओढून घेते, त्यामुळे टाकी आतून गंजायला मदत होते, आणि जुन्या धाटणीचे रबर त्याने फुगते किंवा चिरते. पाईप, कॉकचा वायसर, झाकणाचे रबर आणि वाटीचे पॅकिंग या चार वस्तू बदललेल्या नसतील तर शोध पुरा झाल्यावर बदलाव्यात.

१०. काय करावे

वही घाला. तीन-चार आठवडे नोंद ठेवा आणि पेट्रोल तासांनी जाते की किलोमीटरांनी, हे ठरवा. तासांनी जात असेल तर कॉकच्या वर की खाली, ते दोन रात्रींत शोधा. मग एकच वस्तू बदला आणि पुन्हा मोजा. एकाच वेळी चार वस्तू बदलल्या तर गाडी सुधारली तरी कशामुळे ते कळणार नाही, आणि तीन वस्तूंचे पैसे वाया जातील. मेस्त्रीकडे जाताना ही वही बरोबर न्या. "गाडी पेट्रोल खाते" असे सांगण्यापेक्षा "कॉक चालू असताना अर्ध्या तासात तीन मिलिलिटर गळते" असे सांगितले, तर चांगला मेस्त्री थेट नीडलकडे हात घालेल.

आणि आजपासून एक सवय लावा. गाडी लावली की कॉक बंद करा. सकाळी उघडायला विसरलात तर वाटीतले पेट्रोल संपेपर्यंत गाडी थोडी पुढे जाईल आणि बंद पडेल, कॉक उघडला की पुन्हा सुरू होईल. एवढ्या गैरसोयीच्या बदल्यात रात्रभर पेट्रोलपुढे एकाऐवजी दोन दरवाजे बंद राहतात. इंजिनातले ऑईल सुरक्षित राहते, आणि गाडीजवळ झोपलेली घरची माणसेही.